समुद्राकाठच्या घराचं शटर: धुणं, तेलपाणी, दुरुस्ती आणि नवीन घेताना

कोकणात गावी नवीन घर बांधणारे हल्ली तळमजल्यावर गाडीपुरती जागा सोडतात आणि तिला लोखंडी रोलिंग शटर बसवून घेतात. पुण्यात किंवा नाशकात असं शटर पंधरा-वीस वर्षं फारशी कटकट न करता चालतं. श्रीवर्धन, गुहागर, मालवणच्या किनाऱ्याला तेच शटर तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर खालून झडायला लागतं आणि गणपतीला घर उघडायला आलेल्या माणसाला ते उचलण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागते. माझं घर पुळणीपासून जवळ आहे आणि वाडीतल्या बऱ्याच मुंबईकरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. त्यामुळे शटरं उघडणं, धुणं आणि मिस्त्रीला फोन लावणं हे वर्षभर चालूच असतं. खाली लिहिलंय ते किनाऱ्याला नव्याने घर घेणाऱ्यांसाठी. हाताने उचलायचं, स्प्रिंगवर चालणारं शटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मोटरवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

१. आधी आतून बघा

आत जा, शटर पूर्ण खाली ओढा आणि आतली बाजू बॅटरी मारून बघा. बहुतेक घरांत बाहेरचा रंग बरा असतो आणि आतून पट्ट्यांच्या सांध्यांवर तांबूस रेघा उतरलेल्या असतात. पाऊस बाहेरून लागतो आणि गंज आतून धरतो, हे लोकांना उलटं वाटतं. लोखंड खातं ते मीठ. दुपारचे खारे वारे समुद्राचे बारीक तुषार घेऊन येतात आणि ते आत-बाहेर सगळीकडे बसतात. बाहेरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. आतलं, वरच्या हूडमधलं आणि गाइडच्या खाचेतलं मीठ वर्षानुवर्षं साठत राहतं.

साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून आपोआप ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असतात, ते त्याहून कोरड्या हवेतही ओल धरतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत हवा या आकड्याखाली क्वचितच येते. म्हणजे पावसाचा थेंबही न लागलेली पट्टी पावसाळाभर खाऱ्या ओलीत असते.

म्हणून पाऊस जिथे पोचत नाही तिथे गोडं पाणी तुम्ही पोचवायचं. रंग, तेल, महागडा धातू हे सगळं त्याच्या नंतर.

मिस्त्रीशी बोलताना लागणारी नावं अशी: आडव्या गुंडाळणाऱ्या त्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना पट्ट्या ज्या खाचेत चालतात ते गाइड, सगळ्यात खालची जाड पट्टी म्हणजे बॉटम, वर गुंडाळी ज्यावर होते तो पाइप, त्याच्यावर स्प्रिंगा, दोन टोकांना ब्रॅकेट आणि वरून झाकणारा पत्रा म्हणजे हूड. एवढं कळलं तरी फोनवर निम्मं काम होतं.

२. हाताशी काय ठेवायचं

- नळीला पोचेल असं गोडं पाणी, बादली, मऊ ब्रश आणि गाइडच्या खाचेत शिरेल असा अरुंद ब्रश
- भांड्यांचा पातळ साबण
- तारेचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- सिलिकॉन स्प्रे आणि शिलाई मशीनचं तेल
- झिंक फॉस्फेट प्राइमर, वर लावायचा रंग, झिंकचा स्प्रे (दुकानात कोल्ड गॅल्व्हनायझिंग स्प्रे म्हणून मागा)
- न डगमगणारी शिडी, हातमोजे, चष्मा
- शटरला द्यायला मजबूत लाकडी टेकू

टेकू विसरू नका. दहा फूट बाय आठ फुटांचं २० गेजचं (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर) शटर ७०-८० किलोंचं सहज भरतं. ते वजन स्प्रिंगा तोलून धरतात. स्प्रिंगेचं काही खरं नसताना अर्धवट उघड्या शटरखाली वाकून काम करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

३. धुणं

ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा. घर अगदी पुळणीला लागून असेल तर पंधरा दिवसांनी. पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी फक्त आतली बाजू.

पाणी कुठलं वापरता ते आधी बघा. किनाऱ्याच्या गावात बऱ्याच बोअरचं पाणी मचूळ असतं, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचंही होतं. जिभेला खारट लागणारं पाणी शटरला लावू नका. त्यापेक्षा नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या आणि फडकं बरं.

सकाळी सुरू करा म्हणजे दिवसभर वाळायला मिळेल. शटर पूर्ण खाली ओढा. आतून वरून खाली पाणी सोडत या, ब्रश पट्टीच्या आडव्या दिशेने चालवा, कारण मीठ आणि धूळ साठते ती दोन पट्ट्या एकमेकींत अडकतात त्या वळणात. साबण लावलाच तर पूर्ण धुऊन काढा. मग दोन्ही गाइड. अरुंद ब्रश वरपासून खालपर्यंत ओढा आणि मागोमाग पाणी सोडा. पहिल्या वेळी खालून काय येतं ते बघण्यासारखं असतं: वाळू, मुंग्यांनी आणलेली माती, जुन्या ग्रीसचे काळे गोळे आणि गंजाचे तपकिरी पापुद्रे.

यानंतरची पायरी सगळे विसरतात. शटर तीन-चारदा वर-खाली करून सांध्यांतलं पाणी झटका आणि पुन्हा खाली ओढून उघड्यावर वाळू द्या. ओलं शटर गुंडाळून ठेवलंत तर आतल्या फेऱ्यांना वारा लागत नाही आणि ते दिवसचे दिवस वाळत नाही.

प्रेशरचा पंप वापरू नका, निदान वरच्या बाजूला तरी नकोच. पाणी बेअरिंगमध्ये आणि मोटरमध्ये घुसतं. ब्लीचिंग पावडर नको. आणि बाथरूमच्या अ‍ॅसिडने गंज चटकन निघतो म्हणून कोणी सांगेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या अ‍ॅसिडमध्ये क्लोराइड असतं, म्हणजे समुद्रातून येणाऱ्या मिठातला नेमका तोच भाग, जो लोखंड खातो. दोन दिवस चकचकीत दिसतं, आठवड्यात दुप्पट गंज येतो.

४. तेल कुठे, ग्रीस कुठे, काहीच नाही कुठे

गाइडमध्ये ग्रीस घालायचं नाही. जळकं ऑइल तर नाहीच. उडणारी वाळू त्यात चिकटते आणि पट्टी वर-खाली होताना ती पॉलिश पेपरसारखी, पत्र्यावर गंज धरू नये म्हणून दिलेला झिंकचा थर घासते. गाइड स्वच्छ आणि कोरडी करून आत सिलिकॉनचा हलका फवारा मारा, बास.

पट्ट्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनचं तेल, फडक्यावर घेऊन. ओघळेल इतकं नाही. स्प्रिंगांना तेलाचा फवारा वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरात. बेअरिंग असतील तर तिथे लिथियम ग्रीस, पण ते मिस्त्री आला असेल तेव्हा त्याच्याकडूनच करून घ्या.

गंज सोडवायचा निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे घराघरात असतो. तो पाणी हटवायला आणि अडकलेलं सुटं करायला चांगला आहे, पण लवकर उडून जातो. त्याने साफ करा आणि नंतर खरं तेल द्या. तो मारून पावसाळाभराची निश्चिंती होत नाही.

कुलपाला खोबरेल तेल घालायची आपल्याकडे पद्धत आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, डिसेंबरच्या पहाटे ते कुलपात थिजतं आणि कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं. सिलिकॉन स्प्रे वापरा. किल्लीच्या भोकावर रबरी झडप असलेलं कुलूप घ्या. नाहीतर कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर बांधते आणि ते टाचणीने कोरत बसावं लागतं.

५. मिरगाआधीची तपासणी

मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हे उरकलेलं हवं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला की मिस्त्री मिळत नाही आणि मिळाला तरी ओल्या लोखंडावर काम होत नाही.

तोल: शटर कमरेइतकं उचला आणि सावकाश हात सोडा, पाय मात्र खाली ठेवू नका. तिथेच राहिलं किंवा जेमतेम सरकलं तर ठीक. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा एखादी तुटली आहे. एका बाजूला तिरकं होत असेल तर एका बाजूची स्प्रिंग गेलेली असते किंवा त्या बाजूची गाइड आत सरकलेली असते.

गाइडचा तळ: सगळ्यात महत्त्वाची जागा. जमिनीलगतच्या अर्ध्या फुटात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. वरचा रंग शाबूत असतो आणि टोक कचकन आत जातं, असं बऱ्याचदा होतं. पागोळ्यांचं पाणी लाल मातीसकट तिथे उडतं, फरशी केलेली असेल तर गाइड सिमेंटमध्ये गाडलेली असते, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते.

भिंत: घर जांभ्याच्या चिऱ्याचं असेल तर गाइडचे आणि ब्रॅकेटचे फास्टनर हाताने हलवून बघा. जांभा मऊ आणि सच्छिद्र. साधा फास्टनर त्यात नवा असताना धरतो, मग शटरच्या रोजच्या हिसक्यांनी भोक मोठं होत जातं. ब्रॅकेटखालून लाल भुकटी पडत असेल तर लगेच दखल घ्या. ७०-८० किलो त्या ब्रॅकेटवर टांगलेले आहेत.

हूड: शिडीवर चढून हूडचा पत्रा उघडण्याआधी एक पाच मिनिटं खाली उभे राहून बघा, आत-बाहेर काही उडतंय का. गांधीलमाशीला ती जागा फार आवडते. पोळं असेल तर दुपारी हात घालू नका; जाणकाराला बोलवा. आत उंदराचं घरटं, सुकलेला पाला, पालीची अंडी हे नेहमीचंच. पाला काढलाच पाहिजे, तो ओल धरून ठेवतो.

वरची पन्हळ फुटली असेल तर शटरवर हजारभर खर्च करण्याआधी ती बदला.

६. गंज काढून रंग देणं

गंज वरवरचा असेल, बोटाने दाबून पत्रा वाकत नसेल, तर रंगकाम घरी करता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. मे महिन्यात करायचंच झालं तर सकाळी दव सुकल्यावर सुरू करून लोखंड तापायच्या आत थांबा, आणि वारं सुटायच्या आधी थांबा. ओल्या रंगावर दुपारच्या वाऱ्याने वाळू आणि मीठ बसलं की मेहनत वाया.

क्रम असा: धुणं, वाळवणं, घासणं, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं, मग प्राइमर. दुसऱ्यांदा धुणं लोकांना जादा वाटतं. पण गंजाच्या खड्ड्यांत मीठ अडकलेलं असतं आणि घासल्यावरच ते उघडं पडतं. ते तसंच ठेवून रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतात. रंगाऱ्याला रोजंदारीवर बोलावलं असेल तर या पायरीवर समोर उभे राहा. तो चांगला असला तरी ही पायरी गाळतो.

प्राइमरमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेड ऑक्साइड स्वस्त आणि सगळीकडे मिळतो. देशावर चालतो, किनाऱ्याला एकटा पुरत नाही. झिंक फॉस्फेट घ्या, किंवा बजेट असेल तर दोन डब्यांचा एपॉक्सी. एपॉक्सी उन्हात पांढरट भुकटी सोडतो, म्हणून त्याच्यावर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) हात लागतो. आणि तो एकदा मिसळला की काही तासांत घट्ट होतो, तेव्हा लागेल तेवढाच मिसळा. दुसरी गोष्ट, शटर नवीन जीआयचं, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या पत्र्याचं असेल तर त्याच्यावर थेट ऑइल पेंट देऊ नका. तेलाचा रंग आणि झिंक यांची रासायनिक क्रिया होऊन दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. जीआयसाठीचा वेगळा प्राइमर मिळतो, तो मागून घ्या.

रंग पातळ द्या, दोन हात. जाड रंग सांध्यांत वाळला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, पहिल्यांदा उघडताना कचाकचा आवाज करत तुटतात आणि नेमका वळणावरचा रंग जातो. पहिला हात हाताला न लागण्याइतका सुकला की शटर सावकाश दोनदा वर-खाली करा. सांध्याच्या आत ब्रश पोचत नाही. तिथलं काम तेलाचं.

७. गाइडचा तळ कुजला असेल तर

मिस्त्री बहुधा पूर्ण गाइड बदलायला सांगतो. वरची सहा-सात फूट गाइड ठणठणीत असेल तर तशी गरज नाही. खालचा फूटभर कापून त्याच मापाचा तुकडा वेल्ड करता येतो. तीन अटी घाला.

पहिली, नवा तुकडा जमिनीला टेकवायचा नाही, बोटभर फट सोडायची. शटरचा भार गाइडवर नसतो, तेव्हा काही बिघडत नाही आणि पाणी निघून जातं. दुसरी, आतल्या बाजूचा वेल्डिंगचा उंचवटा ग्राइंडरने सपाट करायचा, नाहीतर प्रत्येक पट्टी तिथे अडखळते. तिसरी, वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच झिंक जळून गेलेलं असतं. तिथे घासून झिंकचा स्प्रे मारून घ्यायचा आणि मग रंग. वेल्डिंगवाला नुसता काळा रंग फासून निघतो. ती जागा सगळ्यात आधी लाल होते.

चिऱ्याच्या भिंतीत फास्टनर सैल झाले असतील तर त्याच भोकात मोठा फास्टनर ठोकण्यात अर्थ नाही. ब्रॅकेटच्या जागचा चिरा कोरून काँक्रीटचा ठोकळा भरून घ्या, किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे पट्टी लावा. काँक्रीटला पाणी मारून सात दिवस तरी मुरू द्या, मगच शटर चढवा. नवीन बांधकाम असेल तर शटरच्या दोन्ही कडांना आधीच काँक्रीटचे खांब घ्यायला सांगा; तेव्हा खर्च किरकोळ असतो.

८. स्प्रिंग

स्वतः हात लावू नका. स्प्रिंगेत भरलेला ताण सोडताना सळई हातातून सुटली की हाड मोडतं. गंजलेली स्प्रिंग मध्येच तुटण्याची शक्यता जास्त. तुमचं काम फक्त दोन गोष्टींचं: एक तुटली असेल तर सगळ्या एकदम बदला, कारण बाकीच्याही तेवढंच मीठ खाऊन बसलेल्या असतात, आणि नवीन स्प्रिंग बसवण्याआधी तिला तेल किंवा ग्रीसचा हात मारून घ्या, वर चढवल्यावर सगळीकडे पोचता येत नाही. मिस्त्री "चालेल अजून वर्षभर" म्हणाला तर किनाऱ्याला ते वर्ष पावसाळ्यापर्यंतचं धरा.

९. मोटर असेल तर

समुद्राकाठी मोटर बिघडते त्यापेक्षा तिचा कंट्रोल बॉक्स जास्त वेळा बिघडतो. आत मुंग्या, पालीची पिल्लं आणि दमट हवा जाते. वायर आत जाते त्या भोकाला ग्लँड (वायरभोवती घट्ट बसून फट बुजवणारी कडी) बसवलेली आहे का बघा. बहुतेक ठिकाणी नुसतं भोक असतं. वायर बॉक्सच्या खालच्या बाजूने आत जायला हवी, वरून आली तर वायरवरून ओघळणारं पाणी सरळ सर्किटवर.

अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) लावा. लोखंडी शटर, ओली फरशी आणि अनवाणी माणूस हे आपल्याकडे रोजचं आहे. विजा सुरू झाल्या की मोटरचा प्लग काढा. लाइट गेल्यावर हाताने उघडायची साखळी किंवा हँडल घरातल्या प्रत्येकाला एकदा चालवून दाखवा, अंधारात शिकायची वेळ येऊ नये.

लागोपाठ चार-पाचदा वर-खाली केल्यावर मोटर बंद पडली तर घाबरू नका. बहुतेक मोटरींत तापल्यावर आपोआप थांबायची सोय असते, निवली की चालते. आणि मिस्त्रीला बोलवण्याआधी रिमोटचा सेल बदलून बघा. बऱ्याच रिमोटमध्ये १२ व्होल्टचा छोटा सेल असतो आणि त्याच्या पत्र्याला हिरवा गंज धरतो. टोकांवर पॉलिश पेपर फिरवला की निम्मे रिमोट जिवंत होतात.

१०. वादळाची सूचना आली तर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. वाऱ्याने शटर मधून आत पोट काढतं, पट्ट्यांची टोकं गाइडमधून निसटतात आणि एकदा वारा आत शिरला की तो छपराला खालून उचलतो. शटर वाचवण्यापेक्षा कौलं-पत्रे वाचवायला ते बंद राहणं गरजेचं असतं.

पट्टीचं टोक गाइडच्या आत दीड-दोन इंच तरी असलं पाहिजे आणि एकाआड एक पट्टीच्या टोकाला क्लिप हवी. रुंदी दहा-बारा फुटांच्या पुढे असेल तर मध्ये काढता-घालता येणारा खांब करून घ्या. फरशीत एक सॉकेट, वर एक हुक, वेल्डिंगवाला सहज करून देतो. सूचना आली की खांब लावा, दोन्ही बाजूंची कुलपं लावा. गाडी शटरला आतून टेकवून उभी करायची युक्ती ऐकायला मिळते. त्याने शटर वाचेलच असं नाही, गाडीचा बॉनेट मात्र नक्की जातो.

११. घर बंद ठेवून जाताना

शिमग्याला येऊन गणपतीपर्यंत कुलूप, अशा घरांची शटरं सगळ्यात लवकर जातात. न हलणाऱ्या सांध्यात गंज धरतो आणि पट्ट्या जाम होतात. किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि पंधरा दिवसांनी एकदा शटर पूर्ण वर-खाली करायला सांगा. ज्यांना सांगाल त्या काका-काकूंना उचलेल इतकं हलकं ते चालतं ना, हे आधी बघा.

जाताना शेवटचं काम: आतून धुऊन, पूर्ण वाळवून, सांध्यांना तेल. बाहेरून निळी ताडपत्री गच्च बांधून जाऊ नका. ओल आत कोंडते आणि पावसाचं पाणी मीठ धुवायचं जे काम फुकट करत होतं तेही थांबतं. झड फारच आत येत असेल तर ताडपत्री किंवा झापं शटरपासून हातभर पुढे, वारा खेळेल अशी लावा.

१२. नवीन घेताना बिलावर काय लिहून घ्यायचं

"जीआयचं आहे, गंजत नाही" एवढ्यावर पैसे देऊ नका. झिंकचा थर किती, ते विचारा. तो जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, असा सांगतात. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून, प्रत्येक बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. समुद्राच्या अगदी तोंडावर वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिंक जाऊ शकतं. म्हणजे न धुता, न रंगवता ठेवलं तर वर्ष-दोन वर्षांचा खेळ. २७५ जीएसएममध्ये बाजूला १९ मायक्रॉनच्या आसपास मिळतं. पट्ट्या २७५ च्या मिळाल्या नाहीत तरी गाइड आणि बॉटम तरी जाड, तयार झाल्यावर गरम झिंकमध्ये बुडवून काढलेले मागा.

गेज: पट्टीला १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. आकडा वाढला की पत्रा पातळ. किनाऱ्याला २२ घेऊ नका. धातूच्या रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे. कोटेशनमध्ये ते लिहा म्हटलं की समोरचा जरा सावध होतो.

स्टीलचे स्क्रू आणि कड्या देतो म्हणाला तर ग्रेड लिहून घ्या. २०२ काही महिन्यांत डागाळतं, ३०४ वर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात पण टिकतं, ३१६ सगळ्यात चांगलं. लोहचुंबक लावून ओळखायला जाऊ नका, २०२ आणि ३०४ दोन्हींना तो जवळपास चिकटत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं शटर हलकं आणि किनाऱ्याला बरं, मात्र साध्या लोखंडी स्क्रूंनी जोडलेलं नको. खाऱ्या ओलीत दोन धातू एकत्र आले की सांध्याजवळचा भाग लवकर खराब होतो.

दर चौरस फुटावर असतो. उंचीत वरच्या गुंडाळीचे फूट-दीड फूट धरतात, त्यात लबाडी नसते, पण किती धरले ते आधी विचारा. हूड, कुलूपपट्टी, रंग, गाडीभाडं आणि फिटिंग धरून दर आहे की वेगळा, तेही. बिलावर गेज, जीएसएम, स्प्रिंगांची संख्या आणि बसवल्याची तारीख लिहून घ्या, मोटर असेल तर तिच्यावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी ती पाटी वाचता येत नाही.

आणि ऑर्डर दिवाळीनंतर द्या. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अख्खा तालुका एकाच मिस्त्रीला फोन करत असतो, आणि त्याच्याही घरी गणपती असतो.